गुरुदत्तच्या रायफलीचा लिलाव

प्लेनो, टेक्सस
१२ फेब्रुवारी २००६

रवींद्रभाऊजी, नमस्कार.

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. मी तुमच्या घरी हर्नडनला फोन केला की तो मालिनीवहिनी घेतात, तुम्ही मागे सोफ्यावर बसून बोलता, आणि त्या बिचाऱ्या दोन्हीकडचं ऐकून दमतात. तुमच्या बायकोला टेलिफोन ऑपरेटर करून ठेवलंय आपण दोघांनी. म्हणून लिहायला बसले. पत्राशी मागून बोलता येत नाही, पुढे घेऊन वाचावंच लागतं.

तुमचा निरोप मिळाला. गुरुदत्तची रायफल बाहेरच्याला विकायची नाही, घरातली वस्तू घरात राहिली पाहिजे, तुम्ही पंधराशे डॉलर पाठवता आणि सवडीनं येऊन घेऊन जाता. वर असंही, की तिच्यावर डाग आहेत, त्यामुळे पंधराशे हेसुद्धा जास्तच, पण भावाखातर.

माझं उत्तर नाही असं आहे. ती मी इंटरनेटवर लिलावात विकणार आहे.

आता कारण सांगते, कारण मागच्या ऑगस्टमध्ये तुम्ही ते ऐकून घेतलं नव्हतं. गुरुदत्त ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये कोसळला, हॉस्पिटलला पोचण्याआधी संपला, आणि त्याचे दिवस झाल्यावर दुसऱ्याच सकाळी तुम्ही माझ्या डायनिंग टेबलवर फाइल उघडलीत. घर विकायचं. उल्कानं आन्याला घेऊन कोल्हापूरला आईंकडे जायचं. आन्याचं नाव कुठल्या शाळेत घालायचं तेही तुम्ही फोनवर ठरवून टाकलं होतंत. मी समोर बसले होते, भाऊजी. तुम्ही एकदाही माझ्याकडे बघितलं नाहीत.

मी म्हणाले, मला इथेच राहायचंय, कम्युनिटी कॉलेजात डेंटल हायजिनिस्टचा दोन वर्षांचा कोर्स आहे, मी चौकशी केलीय. त्यावर तुम्ही काय म्हणालात ते तुम्हाला आठवत असेल. "आपल्या घरातली सून लोकांचे दात खरवडत बसणार? आबांना वर काय वाटेल?" मी उठून चहा ठेवायला गेले. तिथे बसून राहिले असते तर आबांना वर जे वाटायचं ते त्याच क्षणी वाटलं असतं. निघताना तुम्ही म्हणालात, "मग तुझं तू बघ." ते शेवटचं वाक्य.

तर बघते आहे. कोर्सला प्रवेश मिळालाय. वर्ग ऑगस्टमध्ये सुरू होतील, पण पहिल्या वर्षाची फी आणि अवजारांच्या पेटीचे पैसे जूनमध्ये भरायचे आहेत. नाही भरले तर जागा वेटिंग लिस्टवरच्या पुढच्या बाईला जाईल आणि मी पुन्हा एक वर्ष लटकेन, तोवर हे घर टिकायचं नाही. विम्याचे पैसे घराच्या कर्जात गेले. विकण्यासारख्या आता दोनच गोष्टी आहेत, एक पिकअप आणि एक रायफल. पिकअपशिवाय या गावात दूधसुद्धा आणता येत नाही. रायफलीशिवाय आम्ही मायलेकी मजेत राहू.

तुमच्या पंधराशेत अर्धंही काम होत नाही. रागावून नव्हे, हिशेब म्हणून सांगते.

वहिनींना नमस्कार. हे पत्र त्यांनाही वाचायला द्या, म्हणजे त्यांचा एक फोन वाचेल.

उल्का


प्लेनो
१९ मार्च २००६

भाऊजी,

उत्तराची अपेक्षा नव्हतीच. तरी लिहिते, कारण रायफलीची किंमत कशी ठरवतात हे मी शिकले आणि हे ज्याला सांगावं असा गुरुदत्तनंतर एकच माणूस आहे. तो माझ्याशी बोलत नाही हा त्याचा प्रश्न.

पहिले दोन दिवस मी श्रीमंत होते. लिलावाच्या साइटवर आपल्यासारख्याच रायफली होत्या, जुन्या जर्मन माउझर बंदुकीचा मधला यंत्रभाग घेऊन बाकी सगळं हातानं बनवलेल्या, आणि लोक आठ-नऊ हजार मागत होते. मी मनात फी भरली, छपरावरच्या फुटक्या पत्र्यांचं काम काढलं, आन्याला ब्रेसेस लावले. मग डग आला. गुरुदत्तच्या ऑफिसमधला डग, दरवर्षी त्याच्याबरोबर हरणाच्या शिकारीला जायचा तो, तुम्ही त्याला दोनदा भेटला आहात. तो माझ्या कागदावरचे आकडे बघून हसला. म्हणाला, "उल्का, ही लोकांची स्वप्नं आहेत. विकल्या गेलेल्या बघ." साइटवर संपलेल्या लिलावांची वेगळी जागा असते. तिथे शोधलं तर कळलं, आठ हजार मागणारे तीन वर्षं आठ हजारच मागतायत. खरोखर विकल्या गेलेल्या साडेतीन ते पाच हजारांत गेल्या होत्या. माझे ब्रेसेस तिथेच गळून पडले.

त्याआधी मी इथल्या एका बंदुकीच्या दुकानातही जाऊन आले होते. काउंटरवरच्या माणसानं आधी मला पाहिलं, मग रायफल पाहिली, मग पुन्हा मला पाहिलं. भाव दुसऱ्यांदा मला पाहिल्यावर ठरला. बाराशे. तुमच्या दोघांत तीनशेचाच फरक, हे मी वाईट अर्थानं म्हणत नाही.

किंमत तीन गोष्टींवर ठरते म्हणे. बनवणारा कोण, नळी आतून कशी आहे, आणि मूळच्या रूपाला नंतर कोणी हात लावलाय का. आपली रायफल बनवणारा व्होगेल म्हणून इथल्याच, टेक्ससमधल्या केरव्हिलजवळचा एक म्हातारा होता, आता तो नाही, त्यामुळे त्याच्या हातच्या नव्या रायफली होणार नाहीत. नळी आरशासारखी. डगनं आत उजेड टाकून मला दाखवली, मी "वा" म्हणाले, कळलं काहीच नाही. राहिली तिसरी गोष्ट.

फोटो काढायला ढगाळ दिवस बघायचा आणि खिडकीच्या उजेडात काढायचे, फ्लॅश मारला की पोलाद खोटं बोलतं. मी डायनिंग टेबलवर पांढरी चादर घातली, रायफल उलटी ठेवली, आणि ते डाग पहिल्यांदा नीट पाहिले. लाकडी दस्त्यावरच्या जाळीदार नक्षीत लाल रंग बसलाय. आणि खालच्या पोलादी पट्टीवर, जिथे निळसर काळा मुलामा असतो, तिथे बोटं ओढल्यासारख्या पट्ट्यांत गंजाचे बारीक खड्डे पडलेत.

डग म्हणाला, "व्हॉट ऑन अर्थ हॅपन्ड हिअर?"

मी त्याला खंडेनवमी समजावून सांगितली. वर्षातून एकदा आम्ही शस्त्रांची, हत्यारांची पूजा करतो, कोणाचा नांगर, कोणाची करवत, कोणाची तलवार. तो म्हणाला, पूजा ठीक आहे, पण पोलादावर ओला रंग कोण लावतं?

कोण लावतं, भाऊजी? २००२ साली तुम्ही मुद्दाम विमानानं आलात, पाटावर रायफल मांडलीत, कुंकू पाण्यात कालवलंत आणि आबांच्या तलवारीला लावायचे तशी बोटं ओढलीत. गुरुदत्त रात्री हळूच पुसायला गेला तर तुम्ही ओरडलात, "दसरा होईपर्यंत पूजा उतरवायची नसते, एवढंही विसरलास?" त्याची काय बिशाद. पुढे दरवर्षी तो त्याच जागी तसंच लावायचा आणि तसंच ठेवायचा. ज्या डागांवर बोट ठेवून तुम्ही भाव पाडता आहात, ते डाग तुमच्याच बोटांचे आहेत. हे मला फार दिवसांनी मिळालेलं सुख आहे, त्यामुळे सविस्तर लिहिलं.

डाग काढून नवा मुलामा देता येतो. पण पारखी माणसाला ते लगेच कळतं, आणि मूळ रूप गेलं की किंमत निम्म्यावर येते. दुसरा उपाय, फोटो असे काढायचे की डाग दिसायचेच नाहीत. डग म्हणाला, पुष्कळ लोक तसं करतात. मी दोन फोटो जास्त काढले, फक्त डागांचे.

उल्का


प्लेनो
३० एप्रिल २००६

भाऊजी,

लिलाव सुरू झाला. दोन आठवडे चालेल.

सुरुवातीची बोली मी पंधराशे ठेवली. तुमचा भाव वाया जाऊ नये असं वाटलं, म्हणून त्याला पहिली पायरी केलं. आणि रिझर्व्ह ठेवलेला नाही. म्हणजे अमुक किमतीच्या खाली विकणार नाही अशी अट नाही, शेवटची बोली जी असेल ती असेल. डग म्हणतो, तू नवीन, तुझ्या नावावर एकही जुनी विक्री नाही, लोक बिचकतील, अट नसली तर निदान जवळ येतील. पंधराशेलाच गेली तर? तर गेली. रोज सकाळी उठून आधी हाच विचार येतो. पण मी ठरवून उडी मारली आहे, पाय घसरून पडलेली नाही.

वर्णन मी मराठीत लिहिलं, आन्यानं इंग्रजीत केलं. अकरा वर्षांची पोर, पण डोकं बापाचं. डागांबद्दल मी लिहिलं होतं, "दर वर्षी घरच्या पूजेत कुंकू लावल्यामुळे." ती म्हणाली, "आई, नोबडी नोज कुंकू. दे विल थिंक इट्स वियर्ड." मी म्हटलं, वियर्ड वाटू दे, खोटं नको वाटायला. तिनं लिहिलं आणि खाली माझा फोन नंबर टाकला.

पहिला प्रश्न आला तो असा, की हे हरणाचं रक्त आहे का. दुसऱ्यानं विचारलं, ही काही जादूटोण्याची भानगड आहे का. आन्या दोन दिवस गाल फुगवून बसली होती. पण तिसरा प्रश्न मोंटानातल्या एका निवृत्त शाळामास्तरांचा होता. त्यांनी विचारलं, खड्डे किती खोल आहेत, नखाला लागतात का? मी नख फिरवून बघितलं आणि लिहिलं, एक लागतो, बाकीचे नाही. त्यांनी बोली लावली. त्यांच्या पाठोपाठ ओक्लाहोमातला एक जण आला.

काल बोली पंचवीसशेच्या पुढे गेली. मी एकटीच गॅरेजमध्ये उभी राहून हसले. तुम्ही इथे असतात तर मूठ आपटून "अजून चढणार" म्हणाला असतात, हे मनात आलं. आलं ते लिहिलं.

उल्का


प्लेनो
६ मे २००६

रवींद्रभाऊजी,

मोंटाना आणि ओक्लाहोमाच्या मध्ये परवा एक तिसरा घुसला. टोपणनाव 'पन्हाळा१९६१'.

या देशात बंदुका घेणाऱ्यांत पन्हाळा किती जणांना ठाऊक असेल? आणि त्यांतले एकसष्ट साली जन्मलेले किती? तुम्ही एवढे मोठे इंजिनिअर, पण लपायला गेलात ते गावच्या किल्ल्यावर. मला आधी हसूच आलं.

मग बोली बघितली. मास्तरांनी पुढे जायचं की तुम्ही लगेच शंभरानं वर. ते थांबले की तुम्हीही थांबायचं. ते परत आले की तुम्ही परत. एकोणचाळीसशेपर्यंत नेलंत. घ्यायची असती तर तुम्ही एकदम मोठा आकडा टाकून मोकळे झाला असतात, तुमचा स्वभाव मला माहीत आहे. मी वहिनींना फोन केला. तुम्ही ऑफिसात होता, त्यामुळे त्या प्रथमच स्वतःचं बोलल्या. "अगं, त्यांना घ्यायची नाहीये. नुसती वर चढवतायत. तुला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून. मला म्हणाले, तिला बोलू नकोस. म्हणाले, आबा असंच करायचे."

हो, करायचे. लग्न होऊन आले तेव्हा आबांनीच मला हसत सांगितलं होतं. त्यांच्या अडतीत गुळाचा सौदा निघाला की आपला एक माणूस व्यापाऱ्यांच्या गर्दीत उभा असायचा. तो भाव चढवायचा आणि ऐन वेळी मागे सरायचा. शेतकऱ्याला दोन पैसे जास्त मिळायचे, आबांची अडत वाढायची, आणि सगळे जण आबांना देवमाणूस म्हणायचे. जास्तीचे पैसे ज्याच्या खिशातून गेले तो व्यापारी काय म्हणायचा, हे कोणी विचारत नव्हतं.

इथे तो व्यापारी म्हणजे मोंटानातले एक मास्तर आहेत. खड्डा नखाला लागतो का म्हणून विचारणारे, आणि माझ्या उत्तरावर विश्वास ठेवणारे. मी त्यांना डाग दाखवले ते खरेपणानं, आणि आता माझाच दीर मागच्या दारानं येऊन त्यांच्याकडून जास्तीचे पैसे काढणार? विकणाऱ्याच्या घरच्यानं बोली लावायची नाही, असा साइटचा नियमही आहे. पण नियम नसता तरी मी हेच केलं असतं.

तुमच्या सगळ्या बोल्या मी रद्द केल्या. भाव धाडकन सत्तावीसशेवर आला. मास्तरांना मी स्वतः लिहिलं, की मध्ये बोली लावणारा माणूस माझ्या नात्यातला होता, मला माहीत नव्हतं, क्षमा असावी, तुम्हाला माघार घ्यायची असेल तर मी अडवणार नाही. अजून उत्तर नाही.

आता ऐका. मला रडू आलं, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. तुम्ही माझं वाईट चिंतत नाही हे मला कळलं, म्हणून आलं. आणि चांगलं करायचं तर समोर येऊन, माझ्याकडे बघून करायचं, एवढं तुमच्याच्यानं होत नाही, म्हणूनही आलं. मला तुमचा राग आलाय आणि तुमच्याबद्दल मायाही वाटते आहे, दोन्ही एकदम. हे असं एकदम वाटणं फार दमवतं.

पुन्हा बोली लावू नका. लावलीत तर पुन्हा रद्द करीन.

उल्का


प्लेनो
११ जून २००६

भाऊजी,

तुम्ही पुन्हा बोली लावली नाहीत. फोनही केला नाहीत. वहिनी म्हणाल्या, माझं पत्र वाचून तुम्ही म्हणालात, "चांगलं करायला गेलो तर चोर ठरलो." मी चोर म्हटलेलं नाही. पत्र परत काढून बघा.

मास्तरांचं उत्तर चार दिवसांनी आलं. एकच ओळ. "सांगितल्याबद्दल आभार, मी थांबतो आहे." शेवटच्या दिवशी ओक्लाहोमावाल्यानं त्यांना बरंच पळवलं. रायफल मास्तरांना चौतीसशेला गेली.

फीला तेवढे पुरत नव्हते. तुमच्या बोल्या ठेवल्या असत्या तर पुरले असते, हे मला कळतं, तुम्ही सांगायची गरज नाही. मग डगला सुचलं, की रायफलीवरची नेम धरायची दुर्बीण मी मास्तरांच्या सौद्यात धरलेली नव्हती, ती वेगळी विकता येईल. ती विकली. उरलेल्यासाठी इथल्या इंडियन किराणा दुकानात शनिवार-रविवार काउंटरवर उभी राहते. कढीपत्त्याच्या जुड्या बांधते. आबांची सून.

दुसऱ्या राज्यात रायफल पाठवायची तर लायसन असलेल्या दुकानातून दुसऱ्या तशाच दुकानात पाठवावी लागते. मी मुद्दाम त्या बाराशेवाल्याकडेच गेले. त्यानं कागदावरचा आकडा वाचला, मला पाहिलं, पुन्हा आकडा वाचला, आणि खोकं बांधलं.

घेणाऱ्याला माल हातात आल्यावर तीन दिवस तपासायला मिळतात. नाही पटला तर परत. ते तीन दिवस मी फीचा चेक लिहून, सही न करता टेबलवर ठेवला होता. तिसऱ्या दिवशी मास्तरांचा फोन आला. म्हणाले, "मॅम, इट्स एक्झॅक्टली व्हॉट यू सेड इट वॉज." मी थँक यू म्हटलं आणि फोन ठेवला. गुरुदत्त गेल्यापासून मी जे जे बोलले ते कोणी ना कोणी तपासून, दुरुस्त करून, बाजूला ठेवलं होतं. तू म्हणालीस तसंच आहे, असं मला कोणी म्हणालं नव्हतं.

चेकवर सही केली. फी भरली.

उल्का


प्लेनो
खंडेनवमी, २००६

भाऊजी,

वहिनींनी पाठवलेला चिवडा पोचला. खोक्यावर पत्ता तुमच्या अक्षरात होता, आत चिठ्ठी नव्हती. पत्त्याबद्दल आभार.

आज पाटावर माझी अवजारांची पेटी मांडली. आन्यानं कॅल्क्युलेटर ठेवला. कुंकू पेटीच्या झाकणाला लावलं, पोलादाला नाही. दसऱ्यापर्यंत उतरवणार नव्हते, पण उद्या प्रॅक्टिकल आहे. आबा समजून घेतील.

उल्का


प्लेनो
९ मार्च २००८

रवींद्रभाऊजी, नमस्कार.

दीड वर्षात मी लिहिलं नाही आणि तुम्ही फोन केला नाहीत. आन्याच्या वाढदिवसाला वहिनी बोलतात, तुम्ही मागून "हॅपी बर्थडे" म्हणता, ती इकडून "थँक यू, काका" म्हणून ओरडते. तिला वाटतं, तुमच्या घरी फोन असाच घेतात.

आज काम आहे म्हणून लिहिते. मागायचं आहे.

दोन वर्षं संपत आली. लेखी परीक्षा झाली, पहिल्या पाचांत आहे. राहिली ती लायसनची प्रात्यक्षिक परीक्षा. ती पुतळ्यावर नसते, जिवंत माणसावर असते, आणि तो माणूस ज्याचा त्यानं आणायचा असतो. कोणीही चालत नाही. त्याच्या दातांवर जुनं, घट्ट, दगडासारखं कीटण लागतं. परीक्षक आधी तोंड तपासतात, कीटण कमी भरलं तर पेशंट नापास आणि त्याच्याबरोबर विद्यार्थीही. मग पुन्हा फी, पुन्हा काही महिने थांबायचं, आणि ज्या दवाखान्यानं मला नोकरी देऊ केलीय तो तेवढा थांबणार नाही. म्हणजे आजवर जे केलं ते सगळं एका माणसाच्या तोंडावर येऊन ठेपलंय.

माझा पेशंट ठरलेला होता, दुकानातला एक मुलगा. तो व्हिसाचा शिक्का घ्यायला मुंबईला गेला आणि तिथेच अडकला. तेव्हापासून मी माणसं शोधते आहे. पण प्लेनोत सगळे वर्षातून दोनदा दात साफ करून घेतात. देवळात, दुकानात, आन्याच्या शाळेत मी लोकांशी बोलताना त्यांच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघते. आन्या म्हणते, "आई, यू आर स्केअरिंग पीपल."

भाऊजी, तुम्ही कॉलेजपासून सुपारी खाता. हर्नडनला आल्यापासून एकदाही डेंटिस्टकडे गेलेला नाहीत, वहिनी दरवर्षी अपॉइंटमेंट घेतात आणि तुम्हाला त्याच दिवशी मीटिंग निघते. तुम्ही घाबरता हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. गुरुदत्तलाही होतं, तो कधी बोलला नाही.

मला तुम्ही हवे आहात. उपकार मागते आहे, तुमच्या नावावर, पुढच्या दारानं. विमानाचं तिकीट मी काढीन, तो विषय तुमच्याकडे नाही. वहिनींनी यायचं ठरवलं तर त्यांचंही काढीन. तिथल्या कुठल्याही दवाखान्यात एक्स-रे काढून मला पाठवा, नुसते एक्स-रे, दातांना हात लावू देऊ नका. बीपीची गोळी चुकवू नका, बीपी वाढलेलं असेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. परीक्षा एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारी आहे.

यायचं नसेल तर तसं कळवा, मी दुसरा माणूस शोधीन. सापडेल. आजवर सापडलंय. पण माझ्या हाताखाली पहिल्यांदा परक्या परीक्षकांच्या समोर जो बसेल तो घरचा असावा, असं मला वाटतं. हे वाटणं कुठून आलं विचारू नका, मलाही आश्चर्य वाटलं.

काय होईल ते आधी सांगून ठेवते, म्हणजे तुम्ही रात्रभर विचार करत बसणार नाही. खुर्ची मागे झुकेल. दिवा डोळ्यांवर येईल, तुम्हाला काळा चष्मा देतील. माझ्या तोंडावर मास्क असेल, पण तुम्ही बघाल तिथे मीच दिसेन, दुसरीकडे बघायला जागा नसते. दोन-तीन तास लागतील. तेवढा वेळ तुम्हाला बोलता येणार नाही. मीही बोलणार नाही, परीक्षक मागे उभे असतात. सुरुवातीला हिरड्यांत सुई टोचल्यासारखं होईल, मग बधिर होईल.

दुखलं तर डावा हात वर करा. मी लगेच थांबेन.

उल्का